लाल रेघेच्या वरचं पाणी

टाकी मी भरली होती. लाल रेघेच्या वर, काठोकाठ, माझ्याच हातानं. एवढं एक वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली, आणि ज्याच्यासमोर ते बोलायचं होतं तो मुरली पाच आठवड्यांपूर्वी एसटीच्या थांब्यावर बसल्या जागी गेला. बातमी आली तेव्हा मी अंबाजोगाईतल्या माझ्या पाइप-मोटारीच्या दुकानात गिऱ्हाइकांना माझीच एक फजिती रंगवून सांगत होतो. एसटीडी बूथवरून कुणीतरी फोन केला. मी ऐकलं, फोन ठेवला, आणि अर्धी राहिलेली गोष्ट आधी पुरी केली. लोक हसले. मग मी शटर ओढलं. सवय म्हणतात ती ही. तिचाच मला आता इतका राग येतो की माझ्याच तोंडाला कुलूप घालावंसं वाटतं.

मुरली आणि मी चौथीपासून एका बाकावरचे. तो पुढे एका शिक्षणसंस्थेच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या लॅबमध्ये परिचर झाला. काम काचेच्या नळ्या धुण्याचं, पण वीस वर्षं नळ्या धुता धुता त्यानं त्यांतून काय काय वाहतं ते सगळं समजून घेतलं. नवे मास्तर प्रयोग अडला की हळूच त्याला विचारायचे. मी दुकानदाराचा मुलगा, दुकानातच बसलो. वीस वर्षं पाइप विकून मला पाइपाबद्दल एवढंच कळलं की तो पोकळ असतो. घरी मुरलीला माशांचा नाद. काचा स्वतः चिकटवून त्यानं चार छोट्या टाक्या केल्या होत्या. त्याच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, त्यातल्या एकीत मीठ भरलं ते मासे मेल्यावरच, पण भरलं.

मग ती वर्षं आली. गच्च्यांवर डिश लागल्या, गल्लीत मारुती शिरायला लागली, आणि संस्थेच्या अध्यक्षांनी, ज्यांना सगळा तालुका मालक म्हणतो, बंगला बांधायला काढला. मुंबईच्या कुठल्यातरी हॉटेलात त्यांनी भिंतभर माशांची टाकी पाहिली होती. तशीच दिवाणखान्यात पाहिजे, दहा फूट लांब. मुरलीला बोलावलं. तो तिथून सरळ दुकानात आला आणि स्टुलावर बसला.

"गावाला आठ दिसाला नळ येतो मन्या," तो म्हणाला, "आन ह्यांना माशांसाठी दर हप्त्याला पाणी बदलाया पायजे. तेबी लोक बगत असताना."

"मग न्हाई म्हण."

"न्हाई म्हणाया मी काय तुझ्यासारखा दुकानदार हाय का बे? लॅबचा मुख्य मदतनीस करतो म्हणलेत. लॅब माझ्या ताब्यात येईल." मग तो म्हणाला, "पाणी बदलायचंच न्हाई, असं करता येतंय का बघतो. पाणी धुवायचं."

माझ्या दुकानातल्या कॅलेंडरची तीन पानं पाठीमागून भरून त्यानं ते जमवलं. मोठ्या टाकीखाली, कपाटात लपवलेली, काचेची दुसरी टाकी. वरचं पाणी एका कोपऱ्यातून आपोआप खाली पडणार. पहिल्या कप्प्यात गादीचा फोम, तिथं कचरा अडणार. दुसऱ्यात फोडलेल्या विटांचे तुकडे. "ह्या खड्यांवर डोळ्यांना न दिसणारे जीव बसत्यात," तो म्हणाला, "माशांची घाण तेच खात्यात. आपण फक्त त्यांना घर द्यायचं." तिसऱ्या कप्प्यात कूलरच्या दोन मोटारी, त्या धुतलेलं पाणी परत वर ढकलणार. वर जाणाऱ्या पाइपाला त्यानं पाण्याच्या जरासं खाली एक बारीक भोक पाडलं. मी कळवळलो, नव्या पाइपाचा सत्यानाश केला म्हणालो. तो म्हणाला, मोटार थांबली की ह्या भोकातून हवा शिरंल, न्हाई तर सगळी टाकी उलटी खाली यील. आणि मग त्यानं खालच्या टाकीच्या काचेवर लाल रंगानं एक रेघ ओढली, निम्म्याच्या जरा वर.

"हिच्या वर एक थेंब न्हाई."

"आन वरची जागा?"

"रिकामी ठिवायची."

"कावून? चांगली काच वाया."

"लाइट गेली की वरचं दोन बोटं पाणी खाली येतं. सहा-सात घागरी. त्याला बसाया जागा लागंल का न्हाई?"

आमच्याकडे लाइट जाणार का, असं कुणी विचारत नाही. किती वाजता जाणार, एवढंच विचारतात. त्यानं माझ्यासमोर तीनदा बटण बंद केलं. तिन्ही वेळा पाणी उतरलं, रेघेवरून चढत चढत काठाच्या खाली चार बोटांवर येऊन थांबलं. मुरली तेव्हा हसला नाही. त्यानं फक्त चहा मागवला, आणि नेहमीसारखा कपात दोन बोटं जागा सोडून प्यायला.

वास्तुशांतीच्या सकाळी मी लवकर गेलो होतो. मुरली अंघोळीला घरी गेला होता. नेमका त्या दिवशी नळ आला, आणि नळ आला की आमच्या अंगात काहीतरी संचारतं. हंडे, बादल्या, पिंप, पातेली, घरात जे जे उताणं असेल ते भरायचं. मी कपाट उघडलं. टाकी अर्धी. नव्या घरात, शांतीच्या दिवशी, अर्धी रिकामी टाकी... मालक बघतील तर काय म्हणतील? रेघ मला दिसली. मुरलीचे शब्दही कानात होते. पण नळाखाली जन्म काढलेल्या माणसाला रिकामं भांडं आणि वाहता नळ एकाच वेळी बघवत नाही. मी नळी सोडली आणि काठाला पाणी लागेपर्यंत तिथं समाधानानं उभा राहिलो. कपाट बंद केलं. आपण उपयोगी पडलो, असं वाटत होतं मला.

बाराला पहिली पंगत बसली, दिवाणखान्यातच, माशांच्या समोर. पाहुण्यांत दोन मोठे पुढारी होते. मी मठ्ठा वाढत होतो. भात आला आणि लाइट गेली. मोटारी थांबल्या. मग कपाटाच्या खालून पाणी आलं, शांतपणे, चकचकीत फरशीवरून पसरत, पत्रावळींच्या खालून, मांडी घातलेल्या माणसांच्या धोतरांत. एकजण उठला. मग दुसरा. भरल्या पत्रावळीवरून अख्खी पंगत उठली. आमच्याकडे यजमानाचं यापेक्षा वाईट काही होऊ शकत नाही.

मुरली धावत आला. त्यानं कपाट उघडलं, गुडघ्यावर बसला, लाल रेघ पाहिली. ती बुडालेली होती. त्यानं मान वळवून खोलीत एकदा पाहिलं आणि त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली. माझ्या हातात मठ्ठ्याची बादली होती. मालकांच्या नव्या वसतिगृहाचं नळकाम माझ्या दुकानातून व्हायचं होतं, तेही डोक्यात होतं. मी खाली बघितलं आणि मठ्ठा ढवळला.

"बाटल्या धुणाऱ्याला आमी इंजिनिअर समजलो," मालक सगळ्यांदेखत म्हणाले.

"चूक झाली मालक," मुरली म्हणाला.

त्याचीही चीड येते मला. का म्हणाला? माझं नाव का घेतलं नाही? एक शब्द बोलला असता तर मी कबूल झालो असतो, असं मी चार वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. खोटं आहे ते. मी म्हणालो असतो, कुणी भरली कोण जाणे.

महिन्याच्या आत त्याची बदली झाली, संस्थेच्या आडबाजूच्या शाळेत. तिथं लॅब नव्हती, घंटा होती. ती वाजवायला वीस वर्षं नळ्या सांभाळलेला माणूस रोज दोन एसट्या बदलून जायचा. आणि मी? मी ती पंगत पानटपरीवर सांगायला लागलो. दुसऱ्या पंगतीतल्या पुढाऱ्याच्या धोतरापासून सुरुवात करायचो, मुरलीच्या "चूक झाली मालक" वर संपवायचो, त्याच्या आवाजात. लोक पोट धरून हसायचे. स्वतःच्या गाढवपणाच्या गोष्टी सांगणारे अप्पा म्हणून गावात माझं नाव आहे. हीच तेवढी मी दुसऱ्याची करून सांगितली. एकदा तो पाठीमागं उभा होता. ऐकलं त्यानं सगळं. म्हणाला, "पंगत दुसरी न्हवती बे, पहिली व्हती." आणि एसटी धरायला गेला.

शोकसभेत मालक बोलले. आमच्या घरचा माणूस, हाडाचा संशोधक... कंठ दाटला त्यांचा. माझी मूठ वळली. तो कंठ जागच्या जागी दाबावासा वाटला. पण त्या माणसावर चिडणं सोपं आहे, त्याला पाण्यातलं काहीच कळत नव्हतं. रेघ मला समजावून दिली होती. माझी पाळी आली तेव्हा मी उठलो आणि मुरलीच्या चार गमती सांगितल्या. लोक रडता रडता हसले. छान बोललात अप्पा, म्हणाले. मी छान बोललो.

परवा मुरलीच्या घरी गेलो. मालकांनी बाहेर टाकायला लावलेली ती खालची टाकी मुरलीनं हातगाड्यावरून घरी आणली होती. अंगणात ठेवलेली आहे, पिण्याच्या पाण्यासाठी. नळ आला होता. सुमनवहिनी नळीनं टाकी भरत होत्या. पाणी लाल रेघेला टेकलं आणि त्यांनी नळी काढून बादलीत सोडली.

"अजून लई बसंल की वहिनी," माझ्या तोंडून गेलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी सांगितलं. सगळं, बादलीसकट, मठ्ठ्यासकट. त्या नळीकडेच बघत होत्या.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "मी तवा बंगल्याच्या मागच्या दारी पुऱ्या लाटत व्हते. नळी तुमच्याच हातात व्हती. मालकाला सांगून येते म्हणलं, तर ह्यांनी जाऊ दिलं न्हाई. म्हणले, मन्या सांगंल आपणहून. चार वर्षं वाट बगितली."

त्यांनी बादली भरली, नळ बंद केला.

"गावभर सोताच्या फजित्या सांगत हिंडता अप्पा, त्या समद्या किरकोळ. खरी व्हती ती एकच, आन ती माझ्या नवऱ्याच्या नावावर खपवली तुमी."