लाखेचा ठिपका

घड्याळजी आल्सिद गिन्यार श्वास जपून घ्यायचा. घड्याळाच्या चाकावर फुंकर पडू नये म्हणून लागलेली ही सवय पुढे सूप पितानाही सुटली नाही. मात्र अशी वाचवलेली सगळी हवा तो दुसऱ्यांना नावं ठेवण्यात खर्च करी.

डोंगरखोऱ्यातल्या ल सांतिए गावच्या घड्याळ-कारागिरांचा एक रिवाज आहे. घड्याळ दुरुस्त झालं की मागच्या झाकणाच्या आत सुईने आपली खूण आणि साल कोरायचं. गिऱ्हाइकाला ते दिसत नाही, पुढच्या घड्याळजीला दिसतं. आल्सिद झाकण उघडलं की न बघता पालथं ठेवी. आधी काम तपासायचं, मग करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार, आणि शेवटी भिंग लावून पापी कोण ते जाहीर करायचं. बहुतेक पापी चर्चमागे मातीखाली झोपलेले असल्यामुळे तक्रार येत नसे.

मार्चमधल्या एका सकाळी इवेत बेर्ने आपल्या वडिलांचं घड्याळ ठेवून गेली. "पुसून तेल घाल रे. दुपारी येते." तिचे वडील, म्हातारे बेर्ने, म्हणजे आल्सिदचे गुरू. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली होती.

आल्सिदने घड्याळ उघडलं आणि शेजारच्या टेबलाकडे हाक मारली. तिथे त्याची मदतनीस नोएमी जेन्शियन या डोंगरी झुडपाच्या वाळक्या काडीने पोलादाच्या पट्टीची कड उजळत होती.

"नोएमीबाई, या. खून बघायचाय का?"

"मास्तर, माझी कड बिघडेल."

"बिघडू दे! ही केसाएवढी स्प्रिंग, हिचं टोक पितळेच्या खिळीने धरायचं. आणि या महाभागाने लाखेचा ठिपका मारलाय! तोही चुकीच्या जागी! हा घड्याळजी नव्हे, टपालातला कारकून. पाकिटं चिकटवणारा!"

"घाईत असेल बिचारा."

"घाई असेल त्याने पाव भाजावेत. बेर्नेंच्या घड्याळाला हात लावू नये."

नोएमी हसली. आल्सिदने झाकण उलटं केलं, भिंग डोळ्याला लावलं, आणि तसाच राहिला.

"कोण हो पापी?"

"वाचता येत नाही. पुसलंय."

नोएमीने काडी खाली ठेवली. दीडशे वर्षांपूर्वीच्या खुणा घडाघडा वाचणारा माणूस! तिने त्याच्या कानांकडे पाहिलं आणि काडी पुन्हा उचलली.

भिंगात लांब शेपटीचा एक 'जी' होता. पुढे १९७९. अशी शेपूट खोऱ्यात एकटाच माणूस काढायचा, आल्सिद गिन्यार. त्या वर्षी चावीच्या घड्याळांचे कारखाने धडाधड बंद होत होते. बेर्नेंचे हात कापू लागले होते, म्हणून त्यांनी आपलं घड्याळ विश्वासाने शिष्याकडे दिलं. आणि शिष्याला दुपारची गाडी पकडायची होती. बॅटरीच्या घड्याळांच्या कारखान्यात नोकरी मागायला. लाख हाताशी होती. नोकरी मिळाली नाही ती नाहीच.

दुपारी त्याने डब्यातलं चीज जसंच्या तसं परत बांधलं. इवेत आली तेव्हा तो उभाच होता.

"इवेत, हे काम माझं आहे. घाण केलंय मी. आणि नोएमीबाई, मघाशी मी खोटं बोललो."

"कळलं होतं, मास्तर," नोएमी मान वर न करता म्हणाली. "तुमचे कान अजून लाल आहेत."

"बाबांनाही कळलं होतं," इवेत म्हणाली. "तू आणून दिलंस त्याच संध्याकाळी कानाला लावून म्हणाले, लाख आहे ही. घड्याळ रोज चार मिनिटं मागे पडायचं, मग न्याहारीला बसताना ते काटे तेवढे पुढे करायचे. आई म्हणायची, दुसऱ्याला दाखवा. तर म्हणायचे, दुसरा झाकण उघडेल आणि पोराचं नाव वाचेल."

आल्सिदने पितळेची तार पुढे ओढली.

"मी नवी खिळी करतो," तो म्हणाला. "आत्ता. एक तास दे."

"नको. आता मीही न्याहारीला चार मिनिटं पुढे करते. तेवढंच त्यांच्याशी बोलणं होतं. तू फक्त पूस."

"अगं, हे असं बघूनसवरून मला बंद करता येणार नाही!"

"बाबांना आलं की."

आल्सिदने चाकं पुसली, तेल घातलं. ठिपक्याच्या अवतीभवती ब्रश फिरवला, ठिपक्याला लागू दिला नाही. मग झाकण हातात घेतलं. ते बसवायला त्याला तीन वेळा प्रयत्न करावा लागला, आणि दोन्ही बायका त्या वेळी खिडकीबाहेर बघत राहिल्या.