हौश्याच्या कुशीवरचा जपानी सूर्य

आमच्या घराण्यात आजवर कुणीही जपानला बैल विकलेला नाही. जवळा बाजारच्या आसपासच्या दोन-चार गावांत याच्या उलट बोललं जातं, म्हणून हे एकदा कागदावर आलेलं बरं. जे झालं ते माझ्यामुळे झालं, आणि मी वेळेवर तोंड उघडलं नाही म्हणून जास्त झालं.

आधी माझं व्यसन सांगतो. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, हिंगोलीत एका पतसंस्थेत नोकरीला, दोन लेकरांचा बाप. आणि रविवारी दार लावून विमानं बनवतो. प्लास्टिकची, तळहाताएवढी. त्यातही फक्त दुसऱ्या महायुद्धातली जपानी लढाऊ विमानं. काहून, ते विचारू नका. विमान चिकटवायला एक रविवार पुरतो, पण त्यावरच्या खुणा बरोबर काढायला वर्ष जातं! पंखावरचा लाल गोल नेमका किती लाल? त्याला पांढरी कड होती की नव्हती? शेपटीवरचा आकडा कसल्या वळणाचा? त्या काळचे फोटो काळे-पांढरे, खरी विमानं समुद्राच्या तळाशी, आणि पत्र्याचे जे तुकडे उरलेत त्यांचा रंग कधीच उडालेला. त्यामुळे फोनवरच्या आमच्या गटात रोज भांडणं. गटात पुण्याचे, नागपूरचे, हैदराबादचे लोक आहेत (आणि केरळचे एक गृहस्थ, जे काहीही सांगितलं तरी 'पुरावा?' एवढंच लिहितात).

माझं भांडण करड्या रंगावरून होतं. युद्धाच्या सुरुवातीची नौदलाची विमानं करडी असत, हे सगळ्यांना मान्य. मी म्हणायचो, किंचित पिवळट, मळकट करडी. बाकीचे म्हणायचे, स्वच्छ राखाडी. शिवाय त्यावरचा लाल गोल दुरून कसा दिसत असेल, हे तळहाताएवढ्या विमानावर कळत नाही. लहान वस्तूवर रंग वेगळा दिसतो, मोठ्या वस्तूवर वेगळा. त्यासाठी नेमक्या त्याच करड्या रंगाचं मोठं काहीतरी उन्हात उभं करायला हवं. हिंगोलीत तसं काही नव्हतं. मी पाण्याच्या टाक्यासुद्धा पाहून आलो होतो.

गावाकडं यातलं कुणालाच माहीत नव्हतं. शेती सांभाळणारा माझा थोरला भाऊ, दादा, लोकांना सांगायचा की आमचा धाकटा रविवारीबी हापिसाचं काम करून राहिला, लई राबतो. बायकोनं खरं कधी सांगितलं नाही. तिला माझ्यापेक्षा जास्त लाज वाटायची.

पोळ्याला आम्ही गावी गेलो. आमच्या गावात पोळ्याचा पहिला मान आमच्या घराचा. वेशीवरच्या तोरणाखालून आधी आमची जोडी जाते, मग बाकीच्यांची. अट एकच, जोडी स्वतःच्या दावणीची पाहिजे. उसनी चालत नाही, विकलेली तर नाहीच नाही. दादाला दुसरा कसलाच शौक नाही. गावात घरोघर ट्रॅक्टर आले तरी त्यानं हौश्या-नवश्याची जोडी सांभाळली, ती निम्मी शेतीसाठी आणि निम्मी या एका संध्याकाळसाठी. दुसरा मान शेजारच्या गंगाधरतात्यांचा. आमचा बैल कधी लंगडतो याची तात्या दरवर्षी भक्तिभावानं वाट पाहतात.

सकाळी बैल धुऊन झाले. दादा म्हणाला, तुझा हात बारीक हाये, शिंगं तू रंगव, मी बाजारातून बेगड घेऊन येतो. मी लाल ऑइलपेंटनं शिंगं रंगवली. रंग उरला. आणि समोर हौश्या उभा होता. धुतल्यावर तो मातीच्या भिंतीला मनसोक्त अंग घासून आला होता. किंचित पिवळट, मळकट करडा! ज्या रंगासाठी मी अनोळखी माणसांशी वैर घेतलं, तो दावणीला बांधलेला होता आणि शांतपणे शेण टाकत होता.

शिंगाला रंग आणि अंगाला गेरू, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गेरू धुतला की जातो. ऑइलपेंट जनावराच्या केसांना बसला की केस गळेपर्यंत जात नाही. मलाही हे ठाऊक होतं. पण गेरू पडतो तपकिरी, आणि जपानी विमानाला गेरू लावल्याचं माझ्या वाचनात नाही.

मी हौश्याच्या कुशीवर परातीएवढा लाल गोल काढला. कड दिली नाही (कडेबद्दल माझं मत पक्कं आहे). मग हात थांबेना, म्हणून मागच्या पुठ्ठ्यावर, शेपटीजवळ, काळ्या रंगात शेपटीचा आकडाही टाकला. लांब जाऊन, बैलाचं डोकं वगळून फोटो काढला आणि गटात पाठवला. केरळच्या गृहस्थांनी पहिल्यांदाच पुरावा मागितला नाही. हे विमान कोणत्या संग्रहालयात आहे, असं विचारलं. त्या क्षणी माझ्याएवढा सुखी माणूस मराठवाड्यात नसावा.

तेवढ्यात गंगाधरतात्या गोठ्यावरून गेले. थांबले, गोल पाहिला, आकडा पाहिला, आणि भराभर निघून गेले. मी ध्यान दिलं नाही. इथं माझ्या डोक्यातून एक गोष्ट सुटली होती. बैलबाजारात जनावर विकलं गेलं की व्यापारी त्याच्या अंगावर रंगाची खूण करतो आणि आकडा टाकतो, गाडीत चढवताना अदलाबदल होऊ नये म्हणून. ऐन पोळ्याच्या दिवशी मी मानाच्या बैलावर 'विकला' असं लिहून ठेवलं होतं!

दुपारपर्यंत गावाला हौश्याची किंमत कळली होती. थोड्या वेळानं दादा घेणार असलेल्या ट्रॅक्टरचा रंगही कळला. बेगड घेऊन येणाऱ्या दादाला वाटेत दोघांनी पेढे मागितले. तो गोठ्यात आला, बैलाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "हे कुणी केलं?"

मी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "तेल लावून बघू."

वहिनीनं गोडं तेल आणलं. आम्ही घासलं. रंग गेला नाही, पसरला. परातीची मोठी परात झाली. मग दादानं झूल टाकली. झूल होती आखूड, त्यामुळे तिच्या खालून अर्धा लाल सूर्य दिसायला लागला आणि चाललेला बैल पहाटेसारखा दिसू लागला. वाटेत दादा एवढंच म्हणाला की हे तात्याचं काम हाये, आज सोडत न्हाई त्याला. मी मागून नवश्याचा कासरा धरून चालत होतो आणि नवश्याकडेच पाहत होतो.

वेशीवर तात्या आडवे आले. झूल वर करून त्यांनी सगळ्यांना खूण दाखवली. पोळ्याचा कारभार पाहणारे म्हातारे पाटील पुढं झाले.

"भानुदास, खूण झाकून आणलास व्हय बैल?"

"इकला न्हाई पाटील. मारुतीची आण," दादा म्हणाला.

"मग खूण कुणाची?"

आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस गावासमोर खोटारड्यासारखा उभा होता. त्याची मान हळूहळू तात्यांकडे वळायला लागली, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "माझी हाये."

मग मी सगळं सांगितलं. जपान, युद्ध, विमानं, करडा रंग, लाल गोल. इतकं सलग मी माझ्या लग्नातही बोललो नव्हतो. बोलून थांबलो तर मागून कुणीतरी शेजाऱ्याला समजावलं, "जपानला इकला म्हनं." दुसऱ्यानं विचारलं, "इमानानं नेणार का?"

पाटलांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. "हे हापिसाचं काम हाये का तुमचं?"

"न्हाई," मी म्हणालो. "खेळण्यातली विमानं करतो मी. घरी. दार लावून."

दादानं माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं राबून राहिलेला धाकटा भाऊ त्याच्या डोळ्यांदेखत संपला. विमानाचं चित्र उघडलेला माझा फोन हातोहात फिरला. पाटलांनी चष्मा वर करून एकदा विमान पाहिलं, एकदा हौश्या पाहिला, पुन्हा विमान पाहिलं. मग फोन परत दिला.

"बैल घरचाच हाये," ते म्हणाले, "अन् येडं बी घरचंच हाये. जाऊ द्या पुढं."

हसण्यात बैलांची मंगलाष्टकं कुणाला ऐकू आली नाहीत. पण तोरणाखालून आधी हौश्या-नवश्याच गेले आणि दादाच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला मागूनही दिसलं. तात्या दुसरे.

दादा पुरणपोळी संपवून उठला. हात धुऊन आला, फोन मागून घेतला, विमानाचं चित्र पाहिलं आणि मग मी गटात टाकलेला फोटो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला.

"इमानावरचा गोल, गोल हाये," तो म्हणाला. "तुझा रताळ्यावानी झाला. इतके रविवार तू काय करून राहिला होतास?"

मी म्हणालो, रंगवताना हौश्यानं मधेच श्वास घेतला.

"घेणारच की," दादा म्हणाला. "जित्ता हाये तो."