नटावरची रेघ

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मालकांना नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या सिद्राममामांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल.

मी ट्रक चालवतो. सोलापुरातनं माल भरून बार्शीकडं, लातूरकडं जातो. नवा ड्रायव्हर आला की त्याला गाडी तपासायला शिकवायचं काम मालकांनी माझ्याकडं दिलंय. मी शिकवतोही.

आठ वर्षांपूर्वी माळशिरसहून इथं आलो तेव्हा मी फक्त उसाचा ट्रॅक्टर चालवलेला. पण तोरा असा, की गाडी म्हणजे काय, आपल्या हातचा मळ. मालकांनी मला सिद्राममामांच्या हाताखाली दिलं. मामा कुंभारी गावचे, तीस वर्षं स्टिअरिंगवर, गाडीला कधी ओरखडा नाही. त्यांनी मला पंधरा दिवस गाडीला हात लावू दिला तो फक्त तपासायला. ब्रेकच्या हवेच्या टाकीत साठलेलं पाणी सोड, ब्रेक दाबून धर, खाली झोपून गळती बघ. माझा जीव मेटाकुटीला यायचा. हे काय ड्रायव्हरचं काम आहे?

आणि मग नट. चाक काढून बसवलं की मामा तंबाखूसाठी ठेवलेला चुना बोटावर घेत आणि प्रत्येक नटावरनं खाली चाकावर येईल अशी एक बारीक रेघ ओढत. नट हलला की रेघ तुटते. तुटलेली दिसली तर पाना घ्यायचा आणि सगळे नट परत आवळायचे.

"नव्यानं बसवलेल्या चाकाचा नट हलतोच की," मामा म्हणायचे. "त्यात लाजायचं काय न्हाय. बघायचं आन् आवळायचं."

चौदाव्या दिवशी बार्शीहून येताना पुढचं डावं चाक पंक्चर झालं. मी ऐटीत म्हणालो, तुम्ही बसा सावलीत, मी करतो. चाक बसवलं. मामांनी विचारलं, पान्यावर उभं राहून दाबलंस का? मी म्हणालो, व्हय. दाबलं नव्हतं — ऊन होतं, कंटाळा आला होता, हातानं आवळून सोडून दिलं होतं. मामांनी रेघा ओढल्या, आम्ही सोलापूरला आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आवाराच्या फाटकाजवळच्या चहाच्या गाड्यावर मालकांशी बोलत होते. आज पोराच्या हातात गाडी देतो म्हणत होते, मला ऐकू येत होतं. मी डाव्या चाकापाशी वाकलो. तीन रेघा तुटलेल्या होत्या.

काम दहा मिनिटांचं होतं. पाना समोर होता. मग का नाही उचलला? उचलला असता तर मामांनी विचारलं असतं, तीन-तीन कसे हलले? मालकांसमोर विचारलं असतं. काल मी खोटं बोललो ते उघडं पडलं असतं, आणि हातात येणारी गाडी गेली असती. मी अंगठ्यानं त्या रेघा पुसल्या, डॅशबोर्डवरचा चुना घेतला, आणि नव्या ओढल्या. सरळ. अगदी मामांसारख्या. बार्शीच्या वाटेवर वैराग गावाला चहाला थांबलो की मामांची नजर चुकवून आवळीन, असं मनाशी ठरवलं.

मामा आले, वाकले, एकेक नट बघितला आणि गाडी तपासल्याच्या कागदावर सही केली. "वैरागपतुर मी घेतो," म्हणाले, "फुडं तू."

वैराग यायच्या आधीच स्टिअरिंग थरथरायला लागलं. मामांनी विचारलं, "गाडी डावीकडं वढती का रं?" मला माहीत होतं. तेव्हा तरी तोंड उघडता आलं असतं की नाही? मी म्हणालो, "रस्ता खराब हाय मामा."

चाक सुटलं. गाडी घासत कडेला जाऊन थांबली, आणि सुटलेलं चाक रसवंतीच्या मांडवात घुसून बाक मोडून गेलं. एक बाई लेकीला घेऊन नुकतीच त्या बाकावरनं उठली होती. कोणाला खरचटलंही नाही. मामा मात्र त्या मोडक्या बाकाकडं बघत कितीतरी वेळ उभे होते.

गाडी बघायला आलेला मिस्त्री म्हणाला, नट सकाळीच ढिले असणार, रेघा तुटलेल्या दिसल्याच असणार. मामा म्हणाले, "मीच बघितलं. मला सरळ दिसल्या. म्हंजी डोळं गेलं माजं."

मी शेजारी उभा होतो.

डॉक्टरांनी तपासून नजर चांगली आहे असं सांगितलं. मामांना ते पटलं नाही. त्यांनी त्याच आठवड्यात गाडी सोडली, आणि त्यांची गाडी मला मिळाली. तेव्हापासून ते नातवाला सायकलवरसुद्धा घेत नाहीत. तांदूळ निवडायला दिले तर सुनेला परत करतात, खडा राहील म्हणतात.

मागच्या महिन्यात कुंभारीला त्यांच्याकडं गेलो होतो. गाडी लांब, रस्त्याला लावली होती. मामा ओट्यावर बसले होते. बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, "मागच्या उजव्या टायरात हवा कमी दिसती रं. का मलाच तसं दिसतंय? जा, बघून ये."

मी गेलो. टायर ठोकून बघितला. हवा कमी होती. ओट्यावरनं, एवढ्या लांबनं, त्यांनी ओळखलं होतं.

परत आलो. मामा माझ्या तोंडाकडं बघत होते — इतक्या आशेनं, की मला ते अजून विसरता येत नाही. आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपल्या डोळ्यांवर भरवसा ठेवून काही विचारलं होतं. व्हय म्हणायचं होतं, बस. पण डोळे चांगले असतील, तर मग त्या सकाळी काय झालं?

मी म्हणालो, "बराबर हाय मामा. काय कमी न्हाय."

त्यांनी मान हलवली आणि सुनेला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला. मी तो प्यालो. मग गाडी काढली, आणि मामांना दिसणार नाही इतकं पुढं गेल्यावर हवा भरून घेतली.