साडेतीन ठिपक्यांचे खलाशी

जळगावला आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये दोन कॉम्प्युटर, एक टेबलफॅन आणि एक नाना होते. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी तिथे शिकवायचो. शिकवलेलं कोणाला आठवत नाही, पण जुनी मंडळी भेटली की नानांचे किस्से सुरू होतात.

नाना म्हणजे भुसावळला रेल्वेत ड्राफ्ट्समन होते, रिटायर झालेले. त्यांना एकच काम करायचं होतं: मराठी आरमारातलं गुराब, म्हणजे तोफांचं मोठं लढाऊ जहाज, कॉम्प्युटरवर ठिपक्या-ठिपक्यांनी काढायचं. तेही मापात! बरं, नानांनी समुद्र पाहिलेला नव्हता. लोक हसायचे. नाना म्हणायचे, "जाणणाऱ्या एका माणसाने 'बरोबर आहे' म्हणावं, बस. मग मी पेन्सिल ठेवतो." हे बोलताना त्यांचा आवाज जरा कापायचा, म्हणून मी तरी कधी हसलो नाही.

नानांचं माप ठरलेलं होतं. एक ठिपका म्हणजे एक हात. जहाज झालं, डोलकाठ्या झाल्या, आणि खलाशांपाशी गाडी अडली. माणूस साडेतीन हातांचा! अर्धा ठिपका कॉम्प्युटरमध्ये नसतो. तीनचा काढला तर बुटका, चारचा काढला तर राक्षस. मी म्हटलं, नाना, चार करा, कोण मोजतंय? दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते हसतच. बठ्ठे, म्हणजे सगळेच, खलाशी खाली बसवले होते. बसलेला माणूस दोन ठिपक्यांत मावतो.

"अहो, सगळे बसले, मग जहाज चालवतं कोण?"

"वारा," नाना म्हणाले.

पुढची भानगड पडद्याची. ग्राफपेपरचा चौकोन चौरस, आणि आमच्या पडद्यावरचा ठिपका उभट. त्यामुळे कागदावरचं धष्टपुष्ट गुराब पडद्यावर वाळून उंच झालं. नाना फूटपट्टी घेऊन काचेला चिकटले. मग त्यांना शोध लागला की स्टुलावर चढून वरून तिरकं पाहिलं, तर जहाज बरोबर मापात दिसतं. झालं! फी भरायला आलेल्या पालकांनासुद्धा आठवडाभर स्टुलावर चढावं लागलं. एका बाईंनी तर, इथे कॉम्प्युटर असाच शिकतात का, म्हणून विचारलं. शेवटी नानांनी उभट चौकोनांचा ग्राफपेपर हाताने आखला आणि सगळं जहाज पुन्हा काढलं. आठ महिने गेले.

दिवाळीत अक्कांनी, म्हणजे नानांच्या बायकोने, दारात तेच गुराब रांगोळीत काढलं. ठिपके तर ठिपके! नाना बाहेर आले आणि तोफा मोजून ओरडले की एक जास्त झाली. अक्का रांगोळीचा डबा बाजूला ठेवून आत गेल्या, जुना कागद आणला आणि पुढ्यात टाकला. चूक नानांचीच होती, जहाज पुन्हा काढताना एक तोफ त्यांच्याकडून सुटली होती. दिवाळीभर नाना मुकाट्याने फराळ करत होते.

मग धुळ्याला एका शाळेत प्रदर्शन होतं. आम्ही एक कॉम्प्युटर आणि टेबलफॅन घेऊन गेलो, शाळेने टेबलावर कागदी झेंडा लावलेला. बोटीवर नोकरी करून रिटायर झालेले एक कॅप्टनसाहेब बघायला येणार होते. जाणणारा माणूस! नानांनी आदल्या दिवसापासून काही खाल्लं नव्हतं. सोबत त्यांचे साडू, शिरपूरकडचे आबा, अक्कांसाठी भाजलेल्या शेंगदाण्यांची पिशवी घेऊन आलेले. उभा जन्म शेतीत गेलेला माणूस. आबांनी जहाज बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "शीड पुढे फुगेल शे, मंग झेंडा मांगे कसा जास?"

नाना पांढरे पडले. शीड पुढे फुगलं म्हणजे वारा मागून, मग झेंडाही पुढेच उडणार. नानांनी तो जीपवरचा झेंडा पाहून काढला होता! मी घाईघाईने अकरा ठिपके पुसले आणि पलीकडे लावले. शेवटचा लावतोय तोच साहेब आले.

साहेबांनी तोफा मोजल्या, डोलकाठ्या पाहिल्या, बसलेले खलाशीही पाहिले. खूश झाले. मग म्हणाले, "एवढा झेंडा मात्र चुकला. बोट पुढे जाते, झेंडा मागे उडतो. मी तीस वर्षं पाहिलाय." साहेबांच्या साऱ्या बोटी इंजिनाच्या.

नानांनी मान खाली घातली.

आबा उठले. त्यांनी टेबलफॅन साहेबांच्या दिशेने वळवला, मूठभर दाणे तळहातावर चोळले आणि फॅनसमोर धरले. सगळी फोलपटं उडून साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर आणि आमच्या कीबोर्डवर! टेबलावरचा कागदी झेंडाही फडफडत तिकडेच.

"वारा एकच शे ना?" आबा म्हणाले.

साहेबांनी शर्टावरची फोलपटं एकेक करून काढली. पुन्हा पडद्याकडे पाहिलं, शिडाकडे, झेंड्याकडे. मग नानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरोबर आहे." नाना चष्मा पुसायला लागले, ते पुसतच राहिले.

साहेब आबांकडे वळले आणि अगदी अदबीने त्यांनी विचारलं, "काका, आपण कोणत्या बंदरावर होतात?"

आबांनी सोललेले दाणे त्यांच्या हातावर ठेवले. "शिरपूर."