सुभेदारकाकांची तयारी

सुभेदारकाका झाकण न उघडता, बोटाच्या पेराने डबा वाजवून आत किती धान्य उरलंय ते सांगायचे. दर रविवारी सकाळी आंघोळ झाली की बनियनवरच स्वयंपाकघरात जायचे आणि फळीवरच्या डब्यांवर एकेक टिचकी मारत पुढे सरकायचे. "तूरडाळ निम्मी. साखर लय हाय. बाजरी तळाला गेली, आवं, ऐकताय न्हवं?" काकूंना सुरुवातीला खरं वाटायचं नाही. त्या मागून झाकण काढून बघायच्या. काही वर्षांनी त्यांनी बघायचं सोडून दिलं.

साताऱ्यातल्या आमच्या कॉलनीत त्यांचं घर आमच्या घराला लागून, मध्ये छातीएवढी भिंत. आमच्या घरी आम्ही तिघं. माझा मोठा भाऊ दादा, वहिनी आणि शाळेत शिकवणारी मी. काका मूळचे माणदेशातले, मेंढरांमागे फिरणाऱ्या घरातले. सैन्यातून सुभेदार होऊन परतले आणि इथे घर बांधलं. मूलबाळ नव्हतं. दादाला ते 'गड्या' म्हणायचे, मला 'पोरी'. दादाची स्कूटर नीट सुरू झाली नाही की हे भिंतीपलीकडून ओळखायचे आणि पाना घेऊन यायचे.

त्यांचा आवडता शब्द 'तयारी'. "दुकानाच्या भरवशावर संसार करू नये, पोरी. म्हैन्याचं राशन घरात असलं की माणूस निम्मी लढाई जितला." बहात्तरच्या दुष्काळात पोरवयात ते सरकारने वाटलेल्या सुकडीच्या कोरड्या पिठावर जगले होते. पुढे बर्फातल्या एका चौकीवर असताना हवा बिघडली आणि अकरा दिवस हेलिकॉप्टर आलं नाही. शेवटचे तीन दिवस माणशी चार बिस्किटं मिळाली, असं ते सांगायचे. आम्ही हसायचो. आमच्या घरात बहुतेक वेळा दोन दिवसांपुरतं दूध आणि चार कांदे असायचे.

मग पहिला लॉकडाऊन आला. आदल्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात तेलाच्या डब्यावरून दोन भल्या घरचे पुरुष एकमेकांच्या गळपट्टीला धरताना मी पाहिले. मी मिळेल ते उचललं. घरी येऊन बघते तर पिशवीत साबुदाणा, मेणबत्त्यांचे तीन पुडे आणि शेवया. वहिनी कपाळाला हात लावून बसली.

दुसऱ्या दिवशी काका भिंतीपाशी उभे. तोंडाला रुमाल, हातात लांब काठी आणि काठीला बांधलेलं तूरडाळीचं गाठोडं. "खाली ठेवतो. मी मागं सरलो की मगच उचला." त्या महिन्यात त्यांनी कॉलनीतल्या सात-आठ घरांना असं सामान पोचवलं. कुणी संकोचलं तर म्हणायचे, "आवं, ह्याच दिसासाठी तर भरून ठिवलंय. कुजवायचंय व्हय?" बायकांना त्यांनी अंगणातूनच ओरडून शिकवलं की पीठ साठवू नका, धान्य साठवा, गव्हात कडुलिंबाचा पाला घाला, डाळीला ऊन दाखवा. त्या दिवसांत आम्हाला आमच्या हसण्याची लाज वाटली.

पण भीती त्यांच्यातही शिरत होती आणि ती आम्हाला उशिरा दिसली. काकूंना जुना दमा. काका भाजी सोड्याच्या पाण्यात तासभर बुडवायचे, नोटा उन्हात दगडाखाली ठेवायचे, दुधाच्या पिशव्या साबणाने धुवायचे. दिवसभर मोबाइलवर येईल ते वाचायचे आणि खरं मानायचे. हळूहळू फळीवरचे डबे तेवढेच राहिले आणि त्यांच्या शेजारी औषधांचे खोके वाढले. वाफेचं यंत्र आलं. बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र आलं, मग बिघडलं तर असू दे म्हणून दुसरं. काकू कांदा चिरत असल्या तरी हे त्यांचं बोट मागायचे. काकू वैतागून म्हणायच्या, "बोट तरी ऱ्हाऊ द्या माजं."

दुसरी लाट आली तेव्हा सांगलीजवळ माधवनगरला राहणारे काकूंचे थोरले भाऊ गेले. दवाखान्याच्या दारात, रिक्षात, खाट मिळायची वाट बघत. काका एकटेच तिकडे गेले होते. प्रेत हातात मिळालंच नाही, लांबून दाखवलं. परत आले ते दोन दिवस अंगणातही दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी भिंतीपाशी येऊन मला एवढंच म्हणाले, "पोरी, मानूस आजारानं न्हाई मेला. रांगंत मेला."

त्यानंतर आठवडाभरात, भर उन्हात, मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. त्यांच्या दारात टेम्पो थांबला. काकांनी आणि टेम्पोवाल्याने घोंगडीत गुंडाळलेली एक जड, उंच वस्तू उतरवली. घोंगडी एका बाजूने सरकली आणि काळ्या लोखंडावरची पांढरी मान दिसली. ऑक्सिजनचा सिलिंडर होता. जिल्ह्यात माणसं त्यासाठी वणवण फिरत होती. काकांनी वर पाहिलं. टेम्पो गेल्यावर भिंतीपाशी आले.

"बघितलंस न्हवं तू?"

"हो."

"काकूसाठी हाय. बोलू नगंस कुणाला."

मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. शेजारच्या घरात एक सिलिंडर आहे, म्हणजे वेळ आली तर तो आपल्यालाही आहे, असं मी धरून चालले.

वेळ बारा दिवसांनी आली. दादाचा ताप सहाव्या दिवशीही उतरला नव्हता. दुपारी जेवणानंतर त्याचा ऑक्सिजन चौऱ्याऐंशीवर आला आणि तो वाक्य पुरं करू शकेना. साताऱ्यात खाट नव्हती. कराडच्या एका दवाखान्यातून निरोप आला की संध्याकाळी एक खाट रिकामी होईल, तोवर रोग्याला कसंही धरून ठेवा. रुग्णवाहिका मिळाली, पण ती यायला तीन तास आणि तिच्यात ऑक्सिजन असेल याची खात्री नाही. दादा खुर्चीच्या पाठीला धरून, पुढे वाकून बसला होता. वहिनी त्याची पाठ चोळत होती. मी भिंतीकडे धावले.

काका अंगणातच होते. जणू आमच्याकडचे आवाज ऐकत उभे असावेत.

"काका, सिलिंडर द्या. दादाला श्वास घेता येत नाहीये. संध्याकाळपर्यंतच."

ते माझ्या पायांकडे बघत राहिले. "माझ्याकडं काय न्हाई."

"काका, मी बघितलाय."

"त्यो रिकामा हाय."

"रिकामा असू दे. द्या तर खरं!"

ते वळले आणि आत गेले. खिडकीत काकू उभ्या होत्या, पदर तोंडावर दाबून. मग कडी लागल्याचा आवाज आला. मी भिंतीवर चढून त्यांचं दार वाजवायला हवं होतं, ओरडून कॉलनी गोळा करायला हवी होती. मी तसं केलं नाही. ज्या माणसाने वर्षभरापूर्वी काठीला बांधून डाळ दिली, त्याला कुणी चोर म्हणावं, हे त्या घटकेलाही मला जमलं नाही. मी परत येऊन पुन्हा फोन लावत बसले.

रुग्णवाहिका साडेपाचला आली. उंब्रज ओलांडल्यावर वाटेतच दादाचा श्वास थांबला. वहिनी त्याच्याजवळ होती, मी पुढे ड्रायव्हरशेजारी. कराडच्या डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं की फुप्फुसं इतकी खराब होती की तीन तास ऑक्सिजन मिळून तो वाचला असता असं म्हणता येत नाही. वाचला नसता असंही ते म्हणाले नाहीत.

पुढचे दिवस काकांनी भिंतीवर डबा ठेवला. गरम खिचडी, कधी भाकरी-आमटी. वहिनी तो तसाच उचलून दाराबाहेर कुत्र्याला घालायची आणि डबा घासून भिंतीवर ठेवायची. दहा-बारा दिवसांनी डबा येणं थांबलं. सिलिंडर काकूंना कधीच लागला नाही. त्या वर्षी त्यांना साधा खोकलाही झाला नाही.

पावसाळा संपता संपता काकू एकट्या माझ्या शाळेच्या फाटकापाशी आल्या. घरी यायचं धाडस झालं नसावं. म्हणाल्या, "त्यांला बोल लावू नगंस बाई. त्या दिशी त्यांनी त्यो सिलिंडर दोनदा दारापातुर आणला. मी आडवी पडले. म्हनलं, माजा श्वास काढून देताय व्हय?" आणि तिथेच रस्त्यावर रडायला लागल्या. काकू खरं सांगत होत्या की नवऱ्याचं ओझं आपल्या डोक्यावर घेत होत्या, हे मला आजही कळलेलं नाही. काकांनी मात्र काकूंचं नाव कधी पुढे केलं नाही.

त्यानंतर महिन्याभराने ते स्वतः भिंतीपाशी आले. वाळले होते. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल.

"मी खोटं बोललो, पोरी. रिकामा नव्हता. भरल्याला होता."

"माहीत आहे."

"माफी मागायला आलो न्हाई. मागितली की तुला द्यावी लागल. ते बरूबर न्हाई."

 मग जे कुणालाच, वहिनीलाही सांगितलं नव्हतं ते मी त्यांना सांगून टाकलं. दादाला ताप यायच्या दोन दिवस आधी माझ्या शाळेतल्या एका बाईंनी फोन करून कोरोनावरच्या गोळ्या मागितल्या होत्या. त्यांच्या आईला हव्या होत्या आणि गावात कुठेच मिळत नव्हत्या. माझ्या कपाटात तीन पाकिटं होती. मी म्हणाले होते, "अहो, आमच्याकडं कुठल्या?"

"तिची आई?" काकांनी विचारलं.

"वाचली."

"मग तू सुटलीस," ते म्हणाले आणि निघून गेले.

मी सुटले नाही. आई वाचली त्यात माझा वाटा नव्हता. शाळेत त्या बाई अजून माझ्या शेजारी बसून डबा खातात आणि त्यांनी भाजी पुढे केली की मी पोट भरल्याचं सांगून माझा डबा बंद करते. आमच्या दोघांत फरक एवढाच होता की माझं 'नाही' कुणाला कळलं नव्हतं.

त्यानंतर काकांनी घरात साठा केला नाही. सिलिंडर गावाकडच्या दवाखान्याला दिला, डबे वाटून टाकले. रोज सकाळी पिशवी घेऊन दुकानात जायचे, पावशेर डाळ, अर्धा किलो तांदूळ आणायचे. एकदा दुकानदाराने विचारलं, "सुभेदार, मोठं पोतं घ्या की, स्वस्त पडंल." ते म्हणाले, "आजचं आज बास हाय." मागच्या वर्षी त्यांनी घर विकलं आणि दोघं माणदेशातल्या आपल्या गावी राहायला गेली. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. आमच्या दाराकडे पाहिलं. वहिनी आत होती. चार वर्षं तिने त्यांचं नावही काढलं नव्हतं. ते उंबऱ्याला लांबूनच हात जोडून टेम्पोत बसले.

या श्रावणात सकाळीच काकूंचा फोन आला. काका झोपेतच गेले होते. रीत अशी की लांबच्या नात्यातल्या कुणाचीही गेल्याची बातमी आली, तर ऐकणाऱ्याने डोक्यावरून आंघोळ करायची. शेजाऱ्यासाठी कुणी करत नाही.

वहिनी पोळ्या लाटत होती. मी सांगितलं. तिने गॅस बंद केला, पिठाचे हात धुतले आणि दोरीवरचा टॉवेल घेतला.

"वहिनी, ते आपले कोण लागत होते?" मी विचारलं.

"लागत होते," ती म्हणाली आणि न्हाणीचं दार लावून घेतलं.