पाठीवरचा पंप

आमचं घर हिवरखेडच्या मळ्यातच. बांधालगत वांग्याच्या दोन ओळी आम्ही नेहमी वेगळ्या ठेवत आलो. त्या घरच्या. त्यांच्यावर औषध मारायचं नाही, शेंडा किडला की हातानं खुडायचा अन् पायाखाली चिरडायचा. बाकी सगळा प्लॉट बाजाराचा, त्याला आठवड्यात दोनदा फवारा. आमच्याकडे भाजी लावणारं बहुतेक घर असंच करतं, त्यात लपवण्यासारखं कुणाला काही वाटत नाही. पाहुणासुद्धा विचारून घेतो, घरची वांगी हायेत ना, मग भाकर मोडतो.

आम्ही जपलं ते फक्त तोंड. विष पोटात गेलं तरच विष, असा सगळ्यांचा समज. पंप पाठीवर घेऊन फिरणाऱ्या माझ्या पोराचा विचार कुणी केला नाही. झाकण सैल, चालताना औषध गळायचं, पाठीवरून कमरेत अन् तिथून पँटीत उतरायचं. तो हसायचा, म्हणायचा, उन्हात तेवढंच गार लागते. औषध ढवळायला काठी सापडली नाही तर हातच घालायचा, आणि तोच हात पुसून तंबाखूचा खर्रा घोटायचा. मिसरूड फुटलं तेव्हापासूनचं हे.

त्याच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, लेकरू नाही. सुनेनं उपास केले, जडीबुटी खाल्ली, तपासण्या केल्या. माझी नणंद गावात राहते, चहाला मळ्यात येते. कप हातात घेऊन सुनेला ऐकवायची, "आमच्या शेळीलेबी यंदा दोन झाले व." सून चहा गाळत राहायची.

शेवटी डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, हिच्यात दोष नाही, नवऱ्याला दाखवा. पोरगा कितीतरी दिवस टाळत राहिला. मग तयार झाला, पण अकोल्याला नाही म्हणे. तिथल्या स्टँडवर आमच्या गावचं कुणी ना कुणी उभं असतंच. म्हणून अमरावती, राजापेठेतला दवाखाना. गावात काय सांगितलं, तर सुनेचा इलाज चालू आहे. म्हणजे तेही तिच्याच माथी.

डॉक्टरांनी तपासणी झाल्यावर काम विचारलं. मग विचारलं, फवारणी कोण करतं? पोरगा फरशीकडे पाहत म्हणाला, मीच. त्यांनी नीट समजावलं. बीज कमी आहे, अन् आहे त्यात जोर नाही. औषधानंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, पण अशा औषधांनी पुरुषाचं बीज घटतं, तंबाखूची त्यात भर पडते. त्याचं डोकं धरायचं, हात थरथरायचे, तेही त्यातलंच असू शकतं. नवं बीज तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. तोवर फवारा नाही, खर्रा नाही, मग पुन्हा पाहू. फरक पडेलच, असं काही ते म्हणाले नाहीत.

परत येताना बसमध्ये सुनेनं माझा हात धरला. "आई, गावात सांगू नका. त्यायले चार माणसात बसा लागते. मले ऐकाची सवय हाय."

घरी आलो तर वांगं ऐन फुलावर, अन् अळी काही थांबत नाही. आमच्या ह्यांना आता पंप पेलत नाही. मग रोजानं एक माणूस सांगितला. तो सकाळी आला, उघड्या अंगानं पंप पाठीवर चढवला, अन् सून बांधावर त्याच्यासमोर उभी झाली. नुकतंच लग्न झालं होतं त्याचं.

"त्याच्या घरीबी बाई हाय, आई," एवढंच म्हणाली.

त्याला चहा पाजला, औषध संपलं म्हणून सांगितलं अन् परत लावून दिला. दुसरं काय सांगणार?

तेव्हापासून आम्ही दोघी अख्खा प्लॉट हातानं खुडून राहिलो. शेवटच्या ओळीला पोचावं तर पहिल्या ओळीचे शेंडे पुन्हा माना टाकलेले. एक दिवस नणंद बांधावर येऊन उभी. सुनेला म्हणाली, "लेकरू तं देत नाहीस, आता नवऱ्यालेबी घरी बसवलं काय व?"

पोरगा विहिरीवरून पाणी घेऊन येत होता. कळशी खाली ठेवली त्यानं.

"आत्या, तिले नको बोलू. कमी माह्यात हाय. फवाऱ्यानं झालं असन. डॉक्टरनं बंद करायले सांगतलं."

नणंदेनं पदर तोंडाला लावला. पुरुषानं असं बोलू नये रे, म्हणाली अन् चहा न घेताच गेली. सून मात्र त्याच्यावरच भडकली. "काहून सांगतलं तुमी?" बसमध्ये आमच्या दोघींचं ठरलेलं त्यानं एका दमात मोडलं होतं.

आता आत्या तिला टोचत नाही. पोरगा एकदा पारावर गेला होता. कुणी काही विचारलं नाही, नुसतं सरकून जागा करून दिली, आजारी माणसाला देतात तशी. तो उठून आला तो परत गेला नाही. दिवाळीनंतर तपासणी आहे. शेजारच्या वावरात पंप सुरू झाला की वास थेट आमच्याकडे येतो. मी त्याला आत घेते, दार लावते, खिडकी लावते. आत उकडतं. तो खाटेवर बसून राहतो, अन् सून बाहेर वांग्यात वाकलेली.