मावशींच्या दाढेची गुठळी

तासाभरात हेमामावशी दुसऱ्यांदा परत आल्या. तोंडावर पदर, पदरावर रक्त. मागे रडवेली सून, तिच्या डोक्यावर पापलेटची टोपली.

"डॉक्टर, रक्त थांबतच नाही. यांना काही होणार तर नाही ना?"

डहाणूत माझा दातांचा दवाखाना आहे. सकाळी मी मावशींची किडकी दाढ काढली होती. खड्ड्यावर कापसाचा बोळा ठेवून, अर्धा तास घट्ट चावून धरा, असं सांगितलं होतं. पहिल्यांदा परत आल्या तेव्हा नवा बोळा दिला. आता मात्र मी सुनेलाही विचारलं, रक्त पातळ करायची गोळी घेतात की काय?

"डोकं दुखलं तरी गोळी घेत नाहीत," सून म्हणाली.

बीपी नॉर्मल. हिरडी कुठे फाटलेली नाही. पण खड्डा रिकामा. तिथे गुठळी हवी होती.

रक्तवाहिनी तुटली की आधी ती आकसते. मग प्लेटलेट्स, म्हणजे रक्तातल्या बारीक कणिका, जखमेला चिकटून बूच बसवतात. त्याभोवती फायब्रिनचे धागे विणले जातात, त्यांत रक्तपेशी अडकतात. झाली गुठळी. पण ताजी गुठळी फार नाजूक. थुंकलं तरी निघून येते.

"मावशी, बोळा काढलात?"

"नाय गं. भाव सांगायला तेवढा काढला."

"किती वेळा?"

"गिऱ्हाईक येल तेवढ्या वेळा."

"आणि दर वेळी थुंकल्या," सुनेने भर घातली.

मी नवा बोळा दाबला. "आता इथेच बसायचं. थुंकी गिळायची. एक शब्द नाही."

मावशी वेटिंग रूममध्ये टोपलीजवळ बसल्या. तिथे एक मास्तर दाढ दाखवायला आले होते. त्यांनी झाकण उचलून भाव विचारला. मावशींनी बोटं दाखवली. मास्तरांनी कमी सांगितलं. मावशी नुसत्या बघत राहिल्या. मास्तर थोडे चढले. मावशी बघतच राहिल्या. शेवटी मास्तरांनी मुकाट्याने पूर्ण भाव दिला. ते पाहून आणखी दोन पेशंटनी न बोलता पापलेट घेतले.

अर्ध्या तासाने बोळा काढला. खड्ड्यात गडद लाल, छान गुठळी बसली होती. टोपली रिकामी होती.

"रोज असा एक बोळा देशील का?" मावशींनी विचारलं.

तेव्हापासून दाढ काढण्याआधी मी गोळ्या आणि बीपीबरोबर पेशंटचा धंदाही विचारते.